लढाईचा पट घरी कसा मांडावा: असईच्या निमित्ताने

लढाईचा खेळ स्वतः बनवायचा म्हटलं की मराठी माणूस पहिल्यांदा पानिपतलाच हात घालतो. मीही घातला होता. भाऊसाहेब, इब्राहिमखानाचे गारदी, हुजरात (पेशव्यांची खास फौज), मागे अडकलेले बुणगे, समोर अब्दाली आणि नजीब. दोनशेच्या वर सोंगट्या कापल्या. पहिल्याच डावात चौथ्या फेरीला माझा चुलतभाऊ म्हणाला, "मी नुसता पुढे सरकतोय आणि तू नुसता फासे टाकतोयस. यात ठरवायचं काय आहे?"

दादाचं बरोबर होतं. १४ जानेवारी १७६१ च्या सकाळी भाऊंसमोर फारसे पर्याय उरलेच नव्हते. रसद तुटलेली, उपासमार चालू. निर्णय झाले ते आधीच्या महिन्यांत. पानिपतचा चांगला खेळ होईल, पण तो १७६० च्या पावसाळ्यानंतर सुरू होणारा, दाणावैरणीचा आणि वाटा अडवण्याचा खेळ असेल. तो तिसरा-चौथा प्रकल्प म्हणून ठेवा.

हा लेख पहिल्या प्रकल्पासाठी आहे. मी नंतर असईची लढाई घेतली. सगळी उदाहरणं तिचीच देतो, म्हणजे बोलणं हवेत राहणार नाही.

१. लढाई निवडा

चार गोष्टी बघा. लढाई एका दिवसात, शक्यतो काही तासांत आटोपलेली असावी. प्रत्येक बाजूच्या महत्त्वाच्या तुकड्या हाताच्या बोटांवर नाही तरी एका पानावर मावाव्यात. जमीन नकाशावर सापडावी. आणि दोन्ही बाजूंना खरंखुरं काही करता यायला हवं. पावनखिंड मनाला कितीही भिडली तरी पटावर एकाने खिंड धरायची आणि दुसऱ्याने धडका मारायच्या एवढंच उरतं. एकट्याने खेळायला ठीक. पालखेड (१७२८) उलट टोकाचं, तिथे सगळी कमाल आठवड्यांच्या धावपळीत आहे.

असई या चारही कसोट्यांना उतरते. २३ सप्टेंबर १८०३, आजच्या जालना जिल्ह्यात. दौलतराव शिंदे आणि नागपूरकर रघूजी भोसले यांचं सैन्य केळणा आणि जुई या दोन नद्यांच्या परिसरात उतरलेलं. इंग्रजांचा सेनापती आर्थर वेलस्ली कर्नल स्टीव्हन्सनच्या दुसऱ्या फौजेची वाट न बघता एकटाच पुढे आला. वाटाडे सांगत होते की पुढे नदी ओलांडायला जागा नाही. वेलस्लीला दोन काठांवर समोरासमोर दोन गावं दिसली. तेवढ्यावरून त्याने ताडलं की इथे लोक पलीकडे जात-येत असणार. तिथूनच तो केळणेपार झाला आणि मराठ्यांच्या बगलेवर आला. शिंद्यांच्या कवायती कंपूंचा (युरोपियन पद्धतीची कवायत शिकवलेल्या पायदळाच्या मोठ्या तुकड्यांचा) हॅनोव्हरी सेनानी पोलमन याने सगळी फळी काटकोनात फिरवून त्याच्यासमोर उभी केली, इतक्या सफाईने की वेलस्लीला तशी अपेक्षा नव्हती. आता दोन नद्यांमधल्या चिंचोळ्या पट्ट्यात शंभरावर तोफा आणि त्यांच्यासमोर साडेचार हजार माणसं. दुपारी तीनच्या सुमाराला सुरू झालेली लढाई संध्याकाळपर्यंत संपली.

"मराठे हरतात अशी लढाई कशाला घेतलीस?" हे मला निदान पाच जणांनी विचारलं. माझ्या पटावर ते निम्म्या डावांत जिंकतात, हे एक. आणि दुसरं म्हणजे त्या दिवशी पेशव्यांचं घोडदळ वेलस्लीच्या बाजूला उभं होतं. पेशव्याने इंग्रजांशी आदल्या डिसेंबरात केलेल्या वसईच्या तहाचं ते फळ. "मराठे" ही एकच बाजू धरून बसलात तर सोंगट्या कुठे ठेवायच्या हेच कळणार नाही.

२. एका ओळीत प्रश्न लिहा

पटाच्या पाठीमागे मोठ्या अक्षरांत लिहा: खेळणाऱ्याने कुठल्या पेचात सापडावं असं मला वाटतं? मी लिहिलं होतं: "पोलमनला फळी वळवायला वेळ मिळतो का?" पुढे कळलं की हा प्रश्नच चुकीचा होता. तरी तो लिहिला म्हणून चुकला आहे हे कळलं. नियम सुचला की तो या ओळीशी ताडून बघायचा. तहान, दारूगोळ्याची टंचाई, जखमींची वाहतूक हे सगळं खरं होतं, पण माझ्या प्रश्नाशी त्याचा संबंध नव्हता. ते वहीत राहिलं.

३. माहिती गोळा करा, पण थांबा

दोन संध्याकाळी पुरेत. हवं काय? दोन्हीकडची संख्या, कोण कुठे उभं होतं, काय क्रमाने घडलं. असईसाठी साधारण असे आकडे मिळतात: वेलस्लीकडे प्रत्यक्ष हल्ल्यात सुमारे ४,५०० सैनिक आणि १७ तोफा, शिवाय म्हैसूर आणि पेशव्यांचं मिळून ५,००० च्या आसपास घोडदळ. समोर सुमारे १०,८०० कवायती पायदळ, १० ते २० हजार बिनकवायती पायदळ, ३० ते ४० हजार घोडदळ आणि शंभरावर तोफा. यातले मोठे आकडे अंदाजाचे आहेत, त्यांच्यावरून भांडत बसू नका.

एक अडचण आपल्याकडे नेहमी येते. इंग्रजी कागदांतली गावं-नद्या ओळखता येत नाहीत. केळणेचं "कैटना" झालेलं असतं, जुईचं "जुआ", भोकरदनचं "बोकर्डन". नाव मोठ्याने वाचा, मग आजच्या नकाशावर शोधा. जिल्हा गॅझेटियर आणि उपग्रहाचं चित्र शेजारी ठेवलं की बहुतेक गाठी सुटतात.

४. प्रमाण ठरवा

इथे घाई केली की पुढचं सगळं वाकडं जातं. म्हणून हिशोब सविस्तर देतो.

सुरुवात एका पलटणीपासून करा. पाचशे-सहाशे माणसं दोन रांगांत उभी केली तर एका रांगेत अडीचशे-तीनशे. माणशी अर्धा मीटर, थोडी वर. म्हणजे पलटणीची रुंदी दीडशे मीटरच्या आसपास, आणि शेजारच्या पलटणीशी थोडी फट. तेव्हा पटावरचा एक षटकोन २०० मीटरचा आणि एका षटकोनात एक पलटण. इतकं झालं की बाकीचं आपोआप सुटायला लागतं.

त्या काळच्या बंदुकीचा उपयोगी पल्ला शंभर मीटरच्या आगेमागे. म्हणजे एका षटकोनाच्याही आत. म्हणून माझ्या खेळात बंदुकांचा वेगळा नियमच नाही. शेजारच्या षटकोनात शत्रू आला की गोळीबार आणि संगीन दोन्ही एकाच "झटापटी"त धरायचं. तोफेच्या गोळ्याचा पल्ला मी चार षटकोन धरला, छर्ऱ्यांचा एक.

फेरी वीस मिनिटांची. तीन तासांच्या लढाईच्या नऊ फेऱ्या. रस्त्याने रांगेत चालणारी पलटण वीस मिनिटांत किलोमीटरभर सहज जाते, म्हणजे पाच षटकोन. तीच फळी धरून, ओळ सांभाळत शेतातून चालली तर तीन. घोडदळ आठ.

आता पट. ए-थ्री आकाराचे दोन कागद लांब बाजूने जोडले की जवळजवळ ५९ × ४२ सेंटिमीटरचा पट होतो. समोरासमोरच्या बाजूंमध्ये दोन सेंटिमीटर अंतर असलेले षटकोन आखले तर आडवे एकोणतीस बसतात, म्हणजे जवळपास सहा किलोमीटर. असईला भरपूर. षटकोन हाताने आखू नका, वेडे व्हाल. छापील जाळी कोणत्याही झेरॉक्सच्या दुकानात काढून मिळते. ते नकोच असेल तर चौकटीची वही चालते, फक्त तिरक्या चालीला परवानगी आहे की नाही ते आधी ठरवा.

नद्या षटकोनांच्या कडांवरून न्या, मधून नको. मधून नेली की "माझी पलटण या काठावर आहे की त्या?" हा वाद प्रत्येक डावात होतो.

५. सोंगट्या

जुन्या लग्नपत्रिका जपून ठेवा. इतका चांगला, कडक, दोन्ही बाजूंनी गुळगुळीत पुठ्ठा विकत घ्यायला गेलं तर महाग पडतो. दीड सेंटिमीटरचे चौरस कापा, म्हणजे दोन सेंटिमीटरच्या षटकोनात बोटाला जागा राहते. सुरुवातीला आकडे पेन्सिलनेच लिहा. पहिल्या आवृत्तीला रंगरंगोटी करू नका. सुंदर सोंगटी फेकवत नाही, आणि तुम्हाला खूप काही फेकायचं आहे. तोफा म्हणून मी शर्टाची बटणं वापरली, ताबा दाखवायला चिंचोके.

किती सोंगट्या? माणसांच्या प्रमाणात केल्या तर मराठ्यांच्या घोडदळाच्याच साठ-सत्तर होतील आणि त्यातल्या बहुतेक दिवसभर जागच्या हलणार नाहीत. सोंगट्या मोजायच्या त्या निर्णयांच्या हिशोबाने. माझी यादी अशी झाली: इंग्रजांकडे ७४ वी आणि ७८ वी गोरी पलटण, मद्रासच्या चार, आघाडीच्या पहाऱ्याची एक छोटी तुकडी, घोडदळाचे चार रिसाले, तोफांची दोन बटणं. एकूण तेरा. मराठ्यांकडे कवायती पायदळाच्या अठरा (पोलमनचा कंपू, सरधन्याच्या बेगम समरूच्या पलटणी, दुसरा युरोपियन सेनानी द्युपाँ याच्या पलटणी), तोफांची दहा बटणं, असई गावात बसलेल्या बिनकवायती पायदळाच्या दोन, आणि घोडदळाच्या फक्त सहा. केळणेच्या दक्षिणेला एकमेकांवर नजर ठेवून उभं राहिलेलं दोन्हीकडचं घोडदळ मी पटावर आणलंच नाही.

६. नियम: दोन फासे, दोन अवस्था

नवशिक्याचे नियम फुगतात ते मारामारीत. कोण किती मेले याची कोष्टकं तयार होतात. त्या काळी पलटण संपायची ती सगळे मेल्यामुळे नाही, धीर सुटल्यामुळे. म्हणून मी एकच आकडा ठेवला, मनोधैर्य. मार बसला की दोन फासे टाकायचे. बेरीज मनोधैर्यापेक्षा जास्त आली की सोंगटी एक षटकोन मागे आणि उलटी. उलटी असताना पुन्हा तसंच झालं की पटाबाहेर. छर्ऱ्यांचा मार असेल तर बेरजेत दोन वाढवायचे. बगलेवरून हल्ला असेल तरी दोन.

एकाऐवजी दोन फासे का? एका फाश्यावर एक ते सहा सगळे सारखेच येतात. दोन फाश्यांचे ३६ प्रकार होतात. त्यातले सहा सातचे, आणि दोन किंवा बारा यांना एकेकच. मधले आकडे वारंवार, टोकाचे क्वचित. चांगली पलटण एखाद्या वेळी पळाली तर ती गोष्ट सांगण्यासारखी होते, रोजची होत नाही.

पण यात एक खाच आहे. मनोधैर्य ९ असेल तर धीर सुटण्याची शक्यता ३६ पैकी ६. ८ असेल तर १०, ७ असेल तर १५, ६ असेल तर २१. म्हणजे ८ चं ७ करताना आपल्याला वाटतं एकाच गुणाचा फरक केला, प्रत्यक्षात पळण्याची शक्यता शंभरात २८ वरून ४२ वर गेली. छर्ऱ्यांचे दोन गुण ८ च्या पलटणीला एकदम ६ वर आणतात. आकडा बदलण्याआधी हे छोटं गणित वहीत करा.

हुकमांसाठी बटवा. प्रत्येक सेनाविभागाची एक चकती (तंबोल्याच्या जुन्या संचातली चालते) बटव्यात टाकायची. जी निघेल त्या विभागाने चाल करायची. आपली पाळी कधी येणार हे माहीत नसलं की माणूस धोरणी राहतो. घरात तिसरं माणूस बघत बसलं असेल तर त्याला पंच करा आणि हुकूम चिठ्ठीवर लिहून द्या. प्रशियाच्या लष्करात १८२४ पासून जो युद्धखेळ खेळला जायचा त्यात पंच असायचाच, आणि नवशिक्यांना तो फार सोयीचा पडतो. निम्मे नियम लिहावेच लागत नाहीत.

७. त्या लढाईचे खास नियम, फार तर तीन

खेळ असईचा आहे की कुठल्याही लढाईचा, हे इथे ठरतं.

पहिला नियम गोलंदाजांचा. ७८ वी पलटण तोफांवरून पुढे निघून गेली आणि मेल्याचं सोंग घेऊन पडलेले मराठा गोलंदाज उठून तिच्या पाठीवर तोफा डागू लागले. मग त्याच तोफा पुन्हा घ्याव्या लागल्या. माझ्या पटावर इंग्रज सोंगटी तोफेवरून गेली की बटणावर चिंचोका ठेवायचा. ती सोंगटी पुढे निघून गेली आणि तिथे कोणी थांबलं नाही, तर फेरीच्या शेवटी एक फासा: ५ किंवा ६ आले की चिंचोका काढा, तोफ पुन्हा मराठ्यांची. दोन ओळींचा नियम, पण इंग्रज खेळाडूला प्रत्येक वेळी ठरवावं लागतं की पुढे जायचं की पलटण इथे अडकवायची. नियम असा असावा.

दुसरा घोडदळाचा. याने मला सगळ्यात जास्त छळलं. सहा सोंगट्या मोकळ्या सोडल्या की मराठा खेळाडू तिसऱ्या फेरीला वेलस्लीच्या पाठीवर जातो आणि खेळ खलास. प्रत्यक्षात बहुतेक घोडदळ दूर राहिलं. बंदी घातली तर खेळाडू चिडतो: "माझं घोडदळ, माझं का ऐकत नाही?" उत्तर शिलेदारीत सापडतं. शिलेदाराचा घोडा त्याच्या स्वतःचा, आणि घोडा मेला की पोट गेलं. शिस्तीत उभ्या फळीवर असा माणूस घोडा घालत नाही. तो विस्कटलेल्याला गाठतो. म्हणून नियम केला की मराठा घोडदळ फक्त उलट्या सोंगटीवर चाल करू शकतं. असई गावासमोर ७४ वी छिन्नविच्छिन्न झाल्यावर तिच्यावर घोडदळ तुटून पडलंच होतं, त्यामुळे इतिहासाशीही जमतं.

तिसरा, ७४ वीच्या चुकीचा. आघाडीचा पहारा उजवीकडे नको तितका भरकटला, मागोमाग ७४ वी, आणि दोघे गावातल्या तोफांच्या तोंडी गेले. वेलस्लीच्या घोडदळाचा प्रमुख मॅक्सवेल याने धावून येऊन त्यांना वाचवलं, तो स्वतः मात्र पुढे मारला गेला. ही चूक पटावर कशी आणायची? आधी मी सक्ती केली: फाश्यावर १-२ आले तर उजवी बाजू गावाकडे जाणारच. भाची वेलस्ली होती. फासा पडल्यावर ती म्हणाली, "मामा, ही चूक तुझी आहे, मला का शिक्षा?" नंतर बदललं. आता प्रत्येक विभागाला सुरुवातीला एक दिशा द्यायची. दिशा बदलायची तर वेलस्लीची सोंगटी त्या विभागाजवळ हवी. वेलस्ली एकच आहे. तो डावीकडे गुंतला की उजवी बाजू जाते तिकडे जाते. चूक आता खेळाडूच्या हातून होते आणि त्यामुळे त्याला लागते.

८. कोण जिंकलं ते कसं ठरवायचं

मुडदे मोजून नको. वेलस्लीचे ४२८ ठार, १,१३८ जखमी, १८ बेपत्ता झाले. हल्ल्यात उतरलेल्या सैन्याच्या तिसऱ्या हिश्श्याच्या घरात. तरी लढाई त्याची, कारण मैदान आणि ९८ तोफा त्याच्याकडे राहिल्या. मी दोन्ही जोडलं: नवव्या फेरीअखेर दहापैकी सात बटणांवर चिंचोके असले तर इंग्रज जिंकले, पण पायदळाच्या सातपैकी चार सोंगट्या पटाबाहेर गेल्या असतील तर बरोबरी. दुबळ्या बाजूला इतिहासापेक्षा बरं करून दाखवण्याचं बक्षीस ठेवा, म्हणजे ती बाजू घ्यायला कोणीतरी तयार होतं.

९. आधी एकट्याने

दोन्ही बाजूंनी स्वतः खेळा, प्रामाणिकपणे. निदान तीन डाव. यात तोल बघायचा नाही, खेळ शेवटपर्यंत जातो का एवढंच बघायचं. माझा पहिला डाव दुसऱ्या फेरीला अडला, कारण दोन सोंगट्या एकाच षटकोनात मागे हटल्या तर काय, हे लिहिलंच नव्हतं. अशा वेळी तात्पुरता निर्णय घ्या, वहीत टिपा, पुढे चला. तिथेच नियमपुस्तक सुधारत बसू नका.

१०. मग घरच्यांबरोबर

इथे माझा प्रश्न मोडला. मी खेळ नदी ओलांडण्याआधीपासून सुरू केला होता. दादा पोलमन होता. त्याने इतिहास वाचलेला. पहिल्याच चालीत त्याने दोन पलटणी आणि तोफा वेलस्ली जिथून पार झाला त्या जागेवर नेऊन ठेवल्या आणि हात बांधून बसला. जी गोष्ट पोलमनला ठाऊक नव्हती ती दादाला ठाऊक होती. ऐतिहासिक खेळांचा हा जुनाट आजार आहे. मी तीन औषधं करून बघितली. पार व्हायच्या तीन जागा आखून खरी कोणती ते चिठ्ठीने ठरवलं: चालतं, पण निम्मा वेळ चिठ्ठ्यांत जातो. दोन्हीकडे पडदा लावून पंच बसवला: फार मजा आली, पण दर वेळी पंच कुठून आणायचा? शेवटी वेलस्ली पार झाल्यावर खेळ सुरू केला, आणि पोलमनला फळी वळवायला चकत्या ओढायला लावल्या.

तर उलटंच झालं. तीन फेऱ्या गेल्या तरी फळी वळेना, आणि इंग्रज एकेक पलटण गुंडाळत गेले. प्रत्यक्षात पोलमनने ते झटक्यात केलं होतं. म्हणजे माझा नियम त्या कंपूंच्या कवायतीवर अन्याय करत होता. आता फळी वळलेल्या स्थितीतच पट मांडला जातो, आणि पाठीमागची ओळ खोडून मी लिहिलं: "शंभर तोफांसमोर उभा राहून वेलस्ली कुठून घुसतो, आणि पोलमन कुठे राखीव ठेवतो?" चाचणीच्या डावांनी मला खेळ कशाबद्दल आहे तेच सांगितलं. तुमच्या बाबतीतही असं झालं तर घाबरू नका. ओळ बदला.

टिपणं कशी ठेवायची? पटाच्या कोपऱ्यात आवृत्तीचा क्रमांक. वहीत प्रत्येक डावाला एक पान: कोण कुठली बाजू, किती वेळ लागला, कुठल्या फेरीत नियम उघडावे लागले, कुठे वाद झाला, कोण जिंकलं. दोन डावांच्या मध्ये एकच गोष्ट बदला. तोफांचा पल्ला आणि घोडदळाची चाल दोन्ही एकदम बदललंत तर कशामुळे काय झालं ते ब्रह्मदेवालाही कळणार नाही.

तोल बघताना उतावीळ होऊ नका. दहापैकी सहा डाव एक बाजू जिंकली तर त्यातून काहीच सिद्ध होत नाही, नाणं उडवलं तरी तसं सहज होतं. दहापैकी नऊ जिंकली तर मात्र नक्की गडबड आहे. नाण्याच्या बाबतीत कुठल्याही एका बाजूने नऊ किंवा दहा पडण्याची शक्यता शंभरात दोनच्या आसपास.

आणि "कसा वाटला?" असं विचारू नका. आपल्याकडे त्याचं उत्तर "छान आहे" असंच येतं आणि वर चहा येतो. विचारा: कुठल्या फेरीत वाटलं की आता हरलो? कुठे नुसती वाट बघत होतास? कुठला नियम विसरलास? शेवटचा प्रश्न सोन्यासारखा आहे. तिघे जण जो नियम विसरतात तो काढून टाका. कोणालाच फरक पडलेला नसतो.

११. शेवटी तोंड बंद ठेवून

खेळ अनोळखी हातांत द्या, लिहिलेल्या नियमांसकट, आणि एक शब्दही बोलू नका. मी संच एका मित्राच्या घरी पाठवला आणि व्हिडिओ कॉलवर माइक बंद करून बघत बसलो. ते दोन तास मी जी कळ सोसली ती दातांच्या डॉक्टरकडेही सोसली नव्हती.

नियमांत मी नदी ओलांडायच्या जागेला "उतार" लिहिलं होतं, जुना, चांगला शब्द. मित्राच्या बायकोने वाचलं, "उतारावर घोडदळाची चाल दोनने वाढते", कारण तिथे घोडदळाला पाणी अडवत नाही असं मला म्हणायचं होतं. तिने सगळीकडे टेकडीचा उतार शोधला, सापडला नाही, मग नदीकडे जाणाऱ्या प्रत्येक षटकोनाला तो धरला. घोडदळ पटावर उधळलं. चूक तिची अजिबात नव्हती. आता तिथे "पार व्हायची जागा" असं लिहिलंय. तसंच "फेरी" म्हणजे दोघांचं मिळून एक चक्र आणि "चाल" म्हणजे एका सोंगटीची हालचाल, हे पहिल्याच पानावर सांगून टाका. "हल्ला", "मारा", "झटापट" हे शब्द लेखात आलटून-पालटून शोभतात. नियमांत एका गोष्टीला एकच शब्द, कितीही कंटाळवाणं वाटलं तरी.

नियमपुस्तक चार पानांच्या आत ठेवा. पहिल्या पानावर पट मांडण्याचं चित्र, शेवटच्या पानावर एका पूर्ण फेरीचं उदाहरण, फाश्यांच्या आकड्यांसकट. लोक उदाहरणच वाचतात.

माझा खेळ सध्या आठव्या आवृत्तीत आहे. बेगम समरूच्या पलटणी त्या दिवशी बऱ्यापैकी शिस्तीत मैदानाबाहेर पडल्या, म्हणून मी त्यांना न उलटता मागे जाण्याची मुभा दिली. भाचीने तिसऱ्याच डावात त्यातली पळवाट शोधली: त्या पलटणी दुसऱ्या फेरीला काढून घ्यायच्या, जुईपलीकडे ठेवायच्या, आणि शेवटच्या दोन फेऱ्यांत ताज्या दमाने आणून चिंचोके उचलायचे. सलग चार डाव जिंकली. बंद करावी की राहू द्यावी, ठरत नाही. पोलमनला हे सुचलं असतं तर त्याने केलं नसतं असं मला छातीठोकपणे म्हणता येत नाही. रविवारी दादा वेलस्ली घेणार आहे, त्याला अजून काही सांगितलेलं नाही.